बसल्या जागी मलकापूर

शंकरराव हिवाळे मलकापूरला निघाले ते आषाढातल्या एका सकाळी, चिखलीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीतून, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर. निरोप द्यायला कोणी नव्हतं. पत्नी महामायाबाई स्वयंपाकघरात होत्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा शंकरराव बसस्टँडपाशी पोचलेही होते. म्हणजे खोलीतून हलले नव्हते, पण यंत्राच्या काचेवर सहाशे मीटर हा आकडा उमटला होता, आणि घरापासून बसस्टँड बरोबर सहाशे मीटर आहे.

यंत्र वल्हवायचं होतं. डॉक्टरांनी साखरेमुळे बसून राहायला मनाई केली होती आणि गुडघ्यांमुळे चालायला. आता बसायचंही नाही आणि चालायचंही नाही, म्हटल्यावर माणसानं करायचं काय? पुण्याच्या मुलानं यावर उपाय म्हणून हे यंत्र धाडलं. लांब पट्टीवर सरकणारी सीट, पाय अडकवायला दोन पायताणं आणि ओढायला पट्ट्याची एक मूठ. मूठ छातीपर्यंत ओढली की सीट मागे जाते, सोडली की पुढे येते. माणूस घामाघूम होतो आणि आकडा वाढतो.

नवं यंत्र घरात आल्यावर कॉलनीनं ते बघायला यायचं, हा रिवाज आहे. आलेल्यानं चहा घ्यायचा आणि सल्ला द्यायचा, हाही रिवाजच. कोणी म्हणालं, तोंड पूर्वेला करा. कोणी म्हणालं, शेजारी पाण्याची बादली ठेवा, म्हणजे जरा तळ्याचा भास होतो. महामायाबाईंनी बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी शंकररावांचा पाय तिच्यात गेला आणि भास पुरेसा झाला.

शेजारचे उत्तमराव खेडेकर धान्याचे अडत्ये. त्यांनी यंत्राला एक फेरी मारली, सीट बोटानं ढकलून बघितली आणि निकाल दिला. "साहेब, सीट सरकते, मूठ सरकते, आकडा सरकते. तुमी मात्र जिथी बसले तिथीच उठता."

शंकररावांना हे लागलं. ते एका सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक आहेत. हे खातं तालुक्यातले तलाव सांभाळतं. नाव सांगत नाही, कारण शंकररावांच्या पेन्शनचे कागद अजून तिथूनच जायचे आहेत. तीस वर्षं एका खुर्चीवर बसून माणूस कुठे पोचतो, हा प्रश्न त्यांना कोणी तोंडावर विचारला नव्हता. म्हणून त्यांनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला, चिखली ते मलकापूर सत्तर किलोमीटर असा हिशेब केला आणि रोज जितके मीटर होतील तितकी लाल रेघ ओढायला सुरुवात केली.

मग मात्र कॉलनीला गंमत वाटायला लागली. दूधवाला सकाळी विचारायचा, "साहेब कुठपर्यंत गेले?" महामायाबाई सांगायच्या, "हातनीच्या पुढं." पंधरा दिवसांनी शंकरराव बुलढाण्यात शिरले तेव्हा घरात शिरा झाला. पुढे राजूर घाट लागला. तिथे शंकररावांनी यंत्राचा जोर कमी केला, कारण घाट उतरणीचा आहे. उत्तमराव म्हणाले, "मंग ओढता कायले? बसून राहा नुसते, उतारानं आपोआपच जान." मोताळ्याजवळ सीटचं चाक निखळलं. चाक पुण्याहून येईपर्यंत शंकरराव चार दिवस मोताळ्यात अडकले. महामायाबाईंची बहीण मलकापूरला असते. ती रोज फोन करून विचारायची, भाऊजी जेवतात कुठं?

भाद्रपदात शंकरराव मलकापूरला पोचले. जीवन नावाचा एक वार्ताहर कॉलनीत राहतो. त्यानं बनियनवरचा फोटो काढून बातमी दिली: 'ज्येष्ठ कर्मचाऱ्याने वल्हवत गाठले मलकापूर.' दिवसभर फोन वाजत होता. कोणत्या नदीनं गेले, हा एकच प्रश्न. कचेरीत तर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून गंभीरपणे विचारलं, "हिवाळे, मुख्यालय सोडण्याची परवानगी घेतली होती का?"

तरी छाती फुगायची ती फुगलीच. कॉलनीच्या बैठकीत सत्काराचा ठराव आला. शाल कोणती, पाहुणे कोण, मंडप कुठं, इथवर गाडी सुरळीत आली आणि उत्तमराव उठून उभे राहिले.

"सत्कार करा, माही ना नाई," ते म्हणाले. "पण मलकापूरले जाऊन आलेला माणूस एक वीतभर तरी जागचा हलला पाह्यजे का नाई? माह्या अडतीत पोतं जागचं हललं नाई, तर माल पोचला असं मी काऊन लिहू?"

सगळे हसले. महामायाबाईसुद्धा पदराआड हसल्या, आणि हे शंकररावांनी पाहिलं. अपमान झाला की शंकरराव प्रमाण मराठीत बोलतात. ते उठले आणि म्हणाले, "येत्या दुसऱ्या रविवारी मी सावळदऱ्याचा तलाव बोटीने ओलांडणार आहे. एकटा. स्वतः वल्हवत. आपण हारतुरे पलीकडच्या काठावर घेऊन यावेत. ओलांडला नाही, तर सत्कार रद्द समजावा."

घरी येताना महामायाबाई म्हणाल्या, "अवो, कायले बोलले तुमी? पोहता तरी येते का तुमाले?"

"पोहायचं नाही. वल्हवायचं आहे," शंकरराव म्हणाले. तेही प्रमाण मराठीत. तेव्हा बाईंनी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

आता सावळदऱ्याच्या तलावात बोट घालायची तर परवानगी लागते, आणि परवानगीचे अर्ज येतात ते शंकररावांच्याच टेबलावर. दुसरं कोणी असतं तर एका दुपारीत काम उरकलं असतं. पण शंकररावांना कामात नातंगोतं चालत नाही, मग ते स्वतःशी का असेना. सोमवारी त्यांनी अर्ज केला. मंगळवारी त्यांनी तो स्वीकारला. बुधवारी त्यांना अर्जात दोन त्रुटी आढळल्या, म्हणून तो त्यांनी अर्जदाराकडे परत धाडला, आणि असल्या किरकोळ कारणासाठी अर्ज अडवणाऱ्या लिपिकाचा त्यांना संध्याकाळभर राग आला. गुरुवारी त्रुटी दूर झाल्या. 'अर्जदारास वल्हवण्याचा पूर्वानुभव आहे काय' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'होय, सत्तर किलोमीटर.' शनिवारी साहेबांची सही झाली.

बोट मच्छीमार संस्थेची. संस्थेचे सहदेव ती दाखवायला आले. कोणत्याशा योजनेतून आलेली दोन वल्ह्यांची बोट काठावर बाभळीखाली पालथी पडलेली होती. "आमी थर्मोकोलवर बसून जातो साहेब," सहदेव म्हणाले. "हे आली तवापासून कोंबड्यायनंच वापरली." त्यांनी तिघाचौघांच्या मदतीनं बोट सुलटी केली, धुतली, पाण्यात ढकलली. शंकरराव ऐटीत चढून बसले, ते पुढच्या टोकाकडे पाठ करून.

"उलटे बसले साहेब तुमी," सहदेव म्हणाले.

"असंच बसायचं असतं. यंत्रावर असंच असतं."

"पण जाचं तिकडं आहे नं? जाचं तिकडं पाठ, अन् निंगाले तिकडं तोंड? माणूस पुढं पाह्यते का मांगं?"

या प्रश्नाला यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत उत्तर नव्हतं. मागच्या खोलीत पुढे बघायला फक्त भिंत होती, त्यामुळे ही अडचण कधी आलीच नव्हती. शंकररावांनी दोन वल्ही धरली, यंत्रावर करतात तसा दोन्ही पायांनी जोर लावला आणि मुठी छातीकडे ओढल्या. यंत्राची सीट सरकते. बोटीची फळी सरकत नाही. वल्ही पाण्याला न लागता हवेतच फिरली आणि शंकरराव फळीवरून मागे गेले. पाय आभाळाकडे झाले. काठावरच्या चार माणसांपैकी तीन माणसं सभ्यपणे दुसरीकडे बघू लागली.

आठवडाभर पहाटे जाऊन त्यांनी काठाकाठानं सराव केला. वल्हं पाण्यात किती बुडवायचं ते समजलं, बोट सरळ जाते ते दोन्ही हात सारखे चालले तरच, हेही समजलं. पुढचं दिसत नाही, हे मात्र तसंच राहिलं. सहदेव म्हणाले, मी बसतो बोटीत. पण सहदेव बसले असते, तर बोट सहदेवांनीच नेली असं उत्तमराव म्हणणार, यात शंका नव्हती. सोबत असा माणूस हवा होता, ज्यानं वल्हं मारलं असा संशय कोणालाही येणार नाही.

"मी येते," महामायाबाई म्हणाल्या. बैठकीत हसलेलं त्यांना तेव्हापासून डाचत होतं. "मी रस्ता सांगते. तुमी नुसते ओढा."

महामायाबाई अंगणवाडीत सेविका होत्या. विहारात त्या वंदना सांगायला उभ्या राहिल्या की रस्त्यावरचे लोक गाडी बंद करतात, असा आवाज. शंकररावांनी सहदेवांना आणखी एक जाकीट आणायला सांगितलं.

रविवार उजाडला. घटस्थापना चार दिवसांवर होती. पावसाळा भरपूर झालेला, तलाव तुडुंब. पलीकडच्या काठावर मंडप, खुर्च्या, माईक. कॉलनी जीपनं धरणाला वळसा घालून तिकडे गेली. उत्तमरावांच्या आशाबाई जाताना म्हणाल्या, "वयनी, पर्स द्या माह्याजवळ, पाण्यात पडंन." महामायाबाईंनी पर्स दिली. लांबचं बघायचा चष्मा पर्समध्ये होता, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा जीप गेलेली होती. आता हे नवऱ्याला सांगितलं तर तो निघायचाच नाही, म्हणून त्या गप्प बसल्या. दोघांनी नारिंगी जाकिटं चढवली आणि सहदेवांनी बोट लोटली.

शंकरराव वल्हवतात आणि महामायाबाई त्यांच्या समोर बसून त्यांच्या खांद्यावरून पुढे बघतात, अशी बैठक होती. "डावीकडं," त्या म्हणाल्या.

"कोणाच्या डावीकडं? तुझ्या की माझ्या?"

"डावं सगळ्यायचं एकच असते."

"समोरासमोर बसल्यावर नसतं!"

शिवाय बोट ज्या बाजूला न्यायची, तिच्या उलट बाजूचा हात ओढावा लागतो. एवढं सगळं समजावून सांगेपर्यंत बोट दोनदा स्वतःभोवती फिरली. महामायाबाईंनी तीस वर्षं लहान मुलांना हात ओळखायला शिकवलेलं. त्यांनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. एकात घड्याळ, दुसऱ्यात अंगठी. "मी म्हणीन तो हात ओढा. इचार करू नका," त्या म्हणाल्या. "घड्याळ! घड्याळ! आता दोन्ही. दोन्ही. अंगठी!"

बोट चालली. खरोखर चालली. पाणी दोन्ही बाजूंनी सळसळत मागे जात होतं आणि काठावरचे सहदेव लहान होत होते. शंकररावांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागे पडताना पाहिलं. त्यांना एवढं बरं वाटलं की चाळीस मिनिटं ते न थांबता ओढत राहिले.

"आला मंडप!" महामायाबाई ओरडल्या. "लाल, पिवळा, निळा, कसा सजवला पाहा! बाया पण आल्या कित्ती!"

बोट काठाला लागली. शंकररावांनी श्वास घेतला, केस सारखे केले, हार घालून घ्यायला मान किंचित पुढे केली आणि वळून पाहिलं. समोर गोधड्या होत्या. दगडांवर, बोरीवर, दोरीवर, उतारावर, जिकडे तिकडे गोधड्या. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन काढायची, म्हणून वस्तीतल्या बाया सकाळपासून इथे आपटत होत्या.

"पाव्हणे, सरका तिकडं," एक म्हातारी म्हणाली. तिचं नाव चांगुणाबाई. "वली गोधडी तुडवून राह्यले तुमी."

"हा पलीकडचा काठ ना?" शंकररावांनी विचारलं.

"कायचा पलीकडला? हा अलीकडलाच. मंडप टाकला तो पलीकडला." तिनं पाण्यापार हात केला. बोट फिरत फिरत ज्या काठावरून निघाली त्याच काठाला, फक्त किलोमीटरभर वर, लागली होती.

"गोधड्या!" शंकरराव बायकोकडे बघून म्हणाले.

"मंग? पर्समंधे गेला चष्मा," महामायाबाई म्हणाल्या. "अन् तुमी तर पाठ करून बसले होते. मले काऊन बोलता?"

एवढ्यात पाण्यावरून माईकचा आवाज आला. पाण्यावर आवाज किती लांब ऐकू येतो, याची कल्पना मंडपवाल्यांना नसावी. प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं आहे, तेव्हा सत्कारमूर्तींच्या वतीनं श्री. उत्तमराव खेडेकर शाल स्वीकारतील, असं निवेदक सांगत होता. टाळ्या झाल्या. शंकररावांच्या कष्टांवर पाहुणे दहा मिनिटं बोलले. शंकरराव ओल्या चपलांनी उभे राहून ते ऐकत होते, आणि गोधड्या पिळायच्या थांबवून बायाही ऐकत होत्या. "हे कोण हिवाळेसाहेब?" चांगुणाबाईनं विचारलं. महामायाबाईंनी नुसती मान हलवून नवऱ्याकडे दाखवलं.

मग माईकवर उत्तमराव आले. आवाज थरथरत होता. "हॅलो. साहेब, बोट दिसून नाई राह्यली तुमची. माहा आवाज येत असंन तर आयका. सत्कार झाला. तुमी हलले. मी मानलं, सगळ्यायसमोर मानलं. आता वयनीले घेऊन जिथी असान तिथून परत या साहेब. पैजबिज काई नाई."

शंकररावांना हवं होतं ते हेच. माईकवरून, पाहुण्यांसमोर, तालुकाभर. शिवाय चांगुणाबाईचा पुतण्या मोटरसायकल घेऊन उभा होता. धरणाला वळसा घालून दहा मिनिटांत मंडपात सोडतो म्हणत होता. बोट पलीकडे लागली की अलीकडे, कोणी पाहिलं होतं? हाताचे तळवे सोलून निघाले होते. शंकरराव मोटरसायकलकडे बघत राहिले.

"मी नाई सांगणार कोणाले," महामायाबाई हळूच म्हणाल्या.

"पण मला माहीत राहील ना," शंकरराव म्हणाले. "न झालेल्या कामाची पोच मी तीस वर्षांत कोणाला दिली नाही. स्वतःला कशी देऊ?"

महामायाबाई सरळ बोटीत जाऊन बसल्या. चांगुणाबाईनं जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या फाडून शंकररावांच्या तळव्यांना गुंडाळल्या. बायांनी बोट लोटून दिली. "आजी," महामायाबाई ओरडल्या, "मंडप नेमका कुठी आहे, ते सांगा! मले नुसता रंग दिसते!" म्हातारीनं सांगितलं, पिंपळाच्या खाली, पाण्याच्या टाकीच्या या अंगाला. पिंपळ आणि टाकी बिनचष्म्याची दिसण्याइतकी मोठी होती.

त्यानंतरचा पाऊण तास शंकररावांना नीट आठवत नाही. घड्याळ, अंगठी, दोन्ही, दोन्ही, एवढाच आवाज. मध्यावर वारा सुटला आणि बोट आडवी व्हायला लागली. हात थांबले. तेव्हा महामायाबाई म्हणाल्या, "माह्याकडं पाहा. काठ पाहू नका, पाणी पाहू नका. माह्याकडं पाहून ओढा." शंकररावांनी बायकोकडे पाहिलं. बाई घामानं निथळत होत्या, केस सुटले होते, आवाज बसला होता आणि चेहऱ्यावर असा अभिमान होता, जो मुलगा इंजिनियर झाला त्या दिवशीही नव्हता. शंकररावांनी ओढलं.

मंडप उतरवणं चालू होतं. पाहुणे गेलेले, खुर्च्या एकावर एक चढलेल्या. कॉलनी मात्र काठावर उभी होती. एक माणूस चपला-धोतरासकट गुडघाभर पाण्यात आला, त्यानं बोटीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि चिखलापर्यंत ओढत नेलं. तो माणूस उत्तमराव होता. त्यांच्या अंगावर सत्काराची शाल होती. त्यांनी ती काढली. आधी शंकररावांच्या खांद्यावर घातली, मग काहीतरी चुकलं असं वाटून तिचं एक टोक महामायाबाईंच्या खांद्यावर टाकलं. "मले वाटलं बुडले तुमी," ते म्हणाले आणि रडले. जीवननं तेवढ्यात फोटो काढला.

फोटो छापून आला. बोटीतले दोघं त्यात स्पष्ट दिसत होते, आणि इथेच घोटाळा झाला. कोणा हितचिंतकानं कात्रण कचेरीला धाडलं: परवानगी एका व्यक्तीची, बोटीत दोन कशा? साहेबांनी कोपऱ्यात शेरा मारला, 'संबंधितांकडून खुलासा मागवावा', आणि कागद नेहमीप्रमाणे शंकररावांच्या टेबलावर आला.

शंकररावांनी स्वतःला नोटीस काढली. भाषा कडक होती, सवलत दिलेली नव्हती. सात दिवसांची मुदत असताना त्यांनी त्याच दुपारी उत्तर दिलं. सहकाऱ्यांनी सुचवलं होतं, ऐनवेळी जीवरक्षक म्हणून घेतलं असं लिहा, प्रकरण मिटेल. शंकररावांनी चांगला कोरा कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

'बोटीतील दुसरी व्यक्ती माझी पत्नी महामाया. मी पाठमोरा असल्याने मला पुढचे काही दिसत नव्हते. मार्ग त्यांनी पाहिला. सावळदरा तलाव आम्ही दोघांनी ओलांडला. याबाबत जी कारवाई होईल ती मान्य आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली लिहिलं, 'खुलासा मान्य. दप्तरी दाखल.'

असले कागद वर्षभर ठेवून रद्दीत काढायचे, हा नियम कचेरीतल्या प्रत्येक नव्या माणसाला शंकररावांनीच शिकवलेला आहे. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी ती फाइल पुन्हा उघडली, आजूबाजूला पाहिलं, आणि मुखपृष्ठावर 'कायम जतन करावे' हा शिक्का जोरात मारला.